शेरडं अचानक मरतात, दरवर्षी त्याच सुमाराला: आधी कण्हेरीची छाटणी तपासा

तक्रार साधारण अशी असते. काल संध्याकाळपर्यंत शेरडं चांगली होती, चरून आली, पाणी प्याली. सकाळी बघावं तर दोन आडवी पडलेली आणि तिसरीने मान टाकलेली. अंगावर जखम नाही, आसपास कुणाकडे साथ नाही. डॉक्टर येईपर्यंत गावाने निदान करून टाकलेलं असतं. कुणी म्हणतं, "पान लागलं असंल," म्हणजे साप चावला. कुणी म्हणतं किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा लागली. भाऊबंदकी असेल तर थिमेट (कीटकनाशक) कुणी टाकलं याची चर्चा सुरू होते आणि प्रकरण ठाण्यापर्यंत जातं. पुढच्या वर्षी त्याच सुमाराला, त्याच आळीत पुन्हा तेच.

साप काही तारीख बघून येत नाही. छाटणी मात्र तारीख बघूनच होते. १५ ऑगस्टच्या आधी शाळेचं मैदान साफ होतं. मराठवाड्यात त्यानंतर साधारण महिन्याभराने १७ सप्टेंबर येतो, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतं, म्हणून ग्रामपंचायतीपासून तहसीलपर्यंत पुन्हा झाडलोट. मग दिवाळी, मग २६ जानेवारी. या प्रत्येक वेळी कंपाऊंडच्या कडेने लावलेली कण्हेर कमरेइतकी कापली जाते आणि फांद्या भिंतीपलीकडे ढकलल्या जातात. भिंतीपलीकडे काय असतं? गायरान, नाही तर शेरडांची रोजची वाट.

तुमच्याकडे अशी मरतूक फिरून फिरून होत असेल तर तपास इथून सुरू करा, असं माझं म्हणणं आहे. प्रत्येक अचानक मेलेलं जनावर कण्हेरीनेच मेलं असं मुळीच नाही. पण हे कारण सगळ्यात शेवटी आठवतं, आणि थांबवायला सगळ्यात सोपं तेच आहे.

उभं झाड आणि कापलेलं झाड

कण्हेर एवढी लावतात का, तर पाणी कमी लागतं, उन्हाळा काढते, वर्षातले कितीतरी महिने फुलते, आणि ढोरं तोंड लावत नाहीत. महामार्गाच्या दुभाजकात, प्लॉटिंगच्या कमानीपाशी, मंगल कार्यालयाच्या दारात, महादेवाच्या देवळामागे ती दिसते ती याच गुणांमुळे. गुलाबी, लाल, पांढरी. "ढोरं खात नाहीत" हा गुण खराही आहे. पान भयंकर कडू असतं, चीक आत असतो, आणि शेळीसारखं चौकस जनावरसुद्धा एक पान चावून सोडून देतं. म्हणूनच लोक छातीठोकपणे सांगतात, "आमची शेरडं रोज तिथूनच जातात, कधी खाल्ली नाहीत." ते खरंच सांगत असतात.

फरक पडतो तो फांदी कापल्यावर. पान सुकायला लागलं की कडूपणा कमी होतो, विष मात्र तसंच राहतं. वाळून कडकडीत झालेल्या पानातही ते असतं. जनावराची जीभ ज्या खुणेवर विसंबून असते ती खूणच पुसली जाते. त्यात भूक असेल, रान उघडं पडलेलं असेल, कडब्याची पेंढी परवडेनाशी झाली असेल, तर मग विचारायलाच नको. आपल्याकडे मे महिन्यात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काडी उरत नाही. अशा वेळी रस्त्याकडेला हिरवट-करड्या पानांचा ढीग पडलेला असेल तर ती मेजवानीच.

किती पान लागतं? मोठ्या जनावराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५० मिलिग्रॅम वाळलेलं पान जीवघेणं ठरू शकतं. म्हणजे ३०० किलोच्या गाईला १५ ग्रॅम. वाळकं पान हलकं असतं हे धरूनही ही जेमतेम एक मूठ झाली. शेळीला तर मोजकी पानं पुरतात. पान, फूल, साल, मूळ, बी, चीक, सगळंच विषारी. त्यातला मुख्य विषारी घटक ओलिएन्ड्रिन. हृदयविकारावर डिगॉक्सिन नावाचं औषध देतात, त्याच्याच जातकुळीतला. हृदयाच्या पेशीत सोडियम आणि पोटॅशियमची ने-आण करणारा पंप तो बंद पाडतो आणि हृदयाचा ताल बिघडतो. म्हणून ही विषबाधा पोटापासून सुरू होते आणि हृदयावर संपते.

पिवळ्या फुलांची कण्हेर, जिला बरेच जण बिट्टी म्हणतात, ती वेगळी. तिची पानं अरुंद, चकचकीत. तोडली की पांढरा दुधासारखा चीक येतो. फळ हिरवं, त्रिकोणी-गोलसर, पिकल्यावर काळपट, आत टणक बाठ. विषाचा प्रकार तोच. खाली शिरांवरून आणि पेरावरच्या पानांवरून जी ओळख सांगतो ती लाल-पांढऱ्या कण्हेरीची, बाकी जे लिहितो आहे ते दोन्हींना लागू धरा.

गव्हाणीत हात घालून बघा

तारखा मांडण्याआधी गव्हाण बघा, कारण पुरावा तिथेच असतो आणि दुपारपर्यंत कुणीतरी ती झाडून टाकतं.

उरलेली वैरण पोत्यावर पसरा. अख्खा कडबा असेल तर काम सोपं. खरी अडचण कुट्टीची. शेळी एरवी ओठांनी पान पान निवडून खाते, नको ते बाजूला सारते. पण कडबा कुट्टी यंत्रातून सगळं बारीक होऊन आलं की तिला निवडता येत नाही. गाईला तर नाहीच नाही. गवताच्या भाऱ्यात कण्हेरीच्या चार फांद्या आल्या, भारा यंत्रात गेला, की पुढे सगळ्या दावणीला वाटणी झाली म्हणून समजा.

अशा कुट्टीतला बोटाच्या पेराएवढा तुकडाही ओळखता येतो. जाडसर, चामडी वाटणारा तुकडा वेचा, कोमट पाण्यात थोडा वेळ टाका, मग बोटाने सपाट करून उजेडाकडे धरा. ज्वारीच्या पानाच्या रेषा लांबीच्या दिशेने धावतात, गवताच्याही तशाच. कण्हेरीत मध्ये एक ठसठशीत फिकट शीर असते आणि तिच्यापासून बारीक शिरा कडेपर्यंत जवळजवळ काटकोनात, कंगव्याच्या दातांसारख्या दाट गेलेल्या असतात. खालची बाजू वरच्यापेक्षा फिकी, राखाडी झाक असलेली. निलगिरीचा तुकडा लांबून असाच वाटेल, पण तो चुरगाळला की वास येतो. कण्हेरीला तसा वास नाही. अख्खी डहाळी सापडली तर बघा, एका पेरावर बहुधा तीन-तीन पानं असतात.

तुकडे सापडले तर ते कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत कुजतात. आणि उरलेली सगळी वैरण बाजूला काढा. "वरवरची काढली, खालची चांगलीय" हा हिशेब इथे चालत नाही.

तारखा मांडा

आता वही घ्या. जनावर मेलं तो दिवस लिहा आणि त्याच्या मागचे तीन-चार दिवस गावात कुठे काय कापलं गेलं ते विचारा. शाळेच्या शिपायाला, ग्रामपंचायतीच्या सेवकाला, महामार्गावर दुभाजकाची छाटणी करणाऱ्या मजुरांना. मागच्या वर्षीचं आठवत असेल तर तेही मांडा. दोन-तीन वेळचं मांडलं की एकाच जागेकडे बोट जातं. कधी कधी ती जागा आपल्याच आखाड्यावरची, शेतातल्या वस्तीवरची निघते.

छाटणीखेरीज चार ठिकाणं मी नेहमी तपासायला सांगतो.

पहिलं, कण्हेरीखालचं गवत. पावसाळ्यात शाळा-दवाखान्याच्या आवारात गुडघाभर गवत होतं आणि ते कापून न्यायला लोक हक्काने येतात. विळ्याने कापताना कण्हेरीची गळलेली पिवळी पानं त्यात येतात. गवत फुकटचं असतं, म्हणून कुणी निवडत बसत नाही.

दुसरं, पाण्याचा हौद. सावलीसाठी हौदाच्या कडेला कण्हेर लावलेली असते, पानं-फुलं पाण्यात पडून कुजतात. ते पाणीही विषारी धरायचं. झाड हौदाच्या वरच असेल तर हौद उपसून घासणं हा दोन दिवसांचा उपाय. झाड काढणं हाच खरा.

तिसरं, निर्माल्य. परळी, औंढा, वेरूळ ही तीन मोठी महादेवाची ठिकाणं आपल्याकडे आहेतच. शिवाय गावोगाव महादेव. श्रावणात सोमवारी कण्हेरीची फुलं-माळा वाहिल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्य गाईपुढे टाकण्यात पुण्य मानणारे लोक असतात. बेलाबरोबर कण्हेर जाते. गाईला घालायचंच असेल तर बेल वेगळा काढून घाला. बाकीचं नदीकाठी किंवा उकिरड्यावर नको. उकिरड्यावर टाकलेलं शेवटी शेरडांच्याच वाट्याला येतं.

चौथं, मुक्काम. दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालन्याकडून ऊसतोडीला निघालेल्या गाड्या, मेंढपाळांचे कळप, आठवडी बाजाराला चाललेली जनावरं रात्री रस्त्याकडेला थांबतात. बैल दिवसभर चाललेला, भुकेला, आणि अंधारात हाताला आलेल्या फांद्या तोडून आडोसा केलेला. आडोशाची फांदी रात्रीतून खाल्ली जाते. वस्ती करताना बॅटरी मारून ढिगात काय आहे ते बघा, आणि बैलाला आधी आपल्याकडची वैरण टाका. पोट भरलेलं जनावर अशा पानाला सहसा तोंड लावत नाही.

कण्हेर की आणखी काही?

कण्हेरीची लक्षणं खाल्ल्यावर काही तासांत ते एखाद्या दिवसात दिसतात. रवंथ बंद होतं. लाळ गळते, दात करकरतात, पोटाकडे वळून बघणं, पाय झाडणं, मग हगवण, कधी रक्त मिसळलेली. कान आणि पाय गार लागतात. अशक्तपणा, थरथर, शेवटी कोसळणं. पण पुष्कळदा यातलं काही दिसतच नाही आणि जनावर थेट मेलेलंच सापडतं.

जिवंत असेल तर नाडी बघा. शेळीच्या मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला दोन बोटं टेकवून थोडा वेळ स्थिर धरलं की ठोका लागतो. निरोगी शेळीत तो मिनिटाला साधारण ७० ते ९० आणि एकसारखा असतो. कण्हेर खाल्लेल्या शेळीत तीन ठोके सरळ येतात, मग एक गळतो, मग दोन घाईघाईने येतात, मग मोठी पोकळी. फार संथ किंवा फार जलदही असू शकतो. हे एकदा बोटांना लागलं की विसरत नाही. डॉक्टरला फोनवर "शेळी सुस्त आहे" सांगण्यापेक्षा "ठोके गळतात" सांगितलं तर त्याच्या पिशवीत काय घालून तो निघतो यात फरक पडतो.

किराळ वेगळी. कोवळ्या किंवा पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीत शिरलेलं जनावर काही मिनिटांत ते तासाभरात धापा टाकायला लागतं, डोळ्यांची आणि हिरड्यांची आतली त्वचा लालभडक दिसते. तिथे उपचार वेगळा आणि तोही लगेच हवा. थिमेटसारख्या कीटकनाशकाने लाळेच्या तारा लागतात, अंगाचे स्नायू उडतात, डोळ्याची बाहुली बारीक होते, कधी तोंडाला औषधाचा वास येतो. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत भरपेट खाल्लेली चांगली गुबगुबीत करडं पटापट गेली तर आंत्रविषाराचा (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाचा) संशय घ्या आणि पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी लस टोचून घ्या.

एक गोष्ट मात्र जरा दरडावूनच सांगतो. मेलेल्या जनावराच्या नाकातून, तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलेलं दिसलं तर ते उघडू नका, कातडं काढू नका, हलवूही नका. ती फाशी (अँथ्रॅक्स हा रोग) असू शकते आणि ती माणसालाही होते. आधी पशुवैद्यकाला कळवा.

जनावर अजून उभं आहे तेव्हा

१९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक आहे. तो लावा किंवा जवळच्या दवाखान्याला कळवा, आणि पहिल्याच वाक्यात "कण्हेर खाल्ल्याचा संशय" हे सांगा. तोपर्यंत तुमच्या हातात जे आहे ते मुख्यतः न करण्याचं आहे.

जनावराला चालवू नका. "जरा फिरवलं की हुशारी येते" हा सल्ला देणारा कुणीतरी हमखास असतो. इथे हृदयच अडचणीत आहे. पळवलं, ओढत दवाखान्यात नेलं, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये कोंबून नेलं, तर वाटेतच जातं. सावलीत, शांत, एकटं ठेवा. कुत्रं नको, बघ्यांची गर्दी नको.

घशात काही ओतू नका. गोडेतेल, ताक, गूळपाणी, तूप, चुलीतली राख. मान टाकलेल्या जनावराच्या घशात ओतलेलं अर्धं फुफ्फुसात जातं, आणि मग विषातून वाचलेलं जनावर त्या ठसक्याने मरतं. पोटात विष धरून ठेवणारा जो कोळसा डॉक्टर वापरतात तो सक्रिय कोळसा, किलोला २ ते ५ ग्रॅम या प्रमाणात पाण्यात कालवून नळीने देतात. चुलीतल्या कोळशाने ते काम होत नाही. लवकर दिला तर त्याचा चांगला उपयोग होतो, म्हणून फोन लवकर.

तिसरी गोष्ट कॅल्शियम. गाय खाली बसली की कॅल्शियमची बाटली लावायची ही आपल्याकडची सवय आहे, आणि व्यालेल्या गाईच्या दुग्धज्वरात ती बाटली जीव वाचवतेही. पण कण्हेरीच्या विषबाधेत शिरेतून दिलेलं कॅल्शियम हृदयावर उलटू शकतं. पोटॅशियम असलेल्या सलाईनचंही तेच. पदवीधर डॉक्टरला हे ठाऊक असतं. पण त्याला कण्हेरीचा संशय सांगितलेलाच नसेल, किंवा आधी येऊन बाटली लावून गेलेला भलताच कुणी असेल, तर काय करणार? म्हणून संशय आधी सांगा. ठोका फार मंद असेल तर अॅट्रोपिन, तालासाठी दुसरी औषधं, आणि मौल्यवान जनावरात पोट उघडून आतला चारा काढणं हे पर्याय त्याच्याकडे असतात. नेमका उतारा म्हणावा असं एक प्रतिविष माणसांसाठी आहे, फार महाग. गोठ्यापर्यंत ते येत नाही.

वाचलेल्या जनावरावर पुढचे दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. खायला लागलं म्हणून लगेच कळपाबरोबर डोंगरावर पाठवू नका.

दूध आणि मटण याबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. विषबाधा झालेल्या गाई-शेळीचं दूध डॉक्टर हो म्हणेपर्यंत घरात वापरू नका आणि डेअरीलाही घालू नका. इटलीत दुभत्या गायींच्या एका गोठ्यात वैरणीत कण्हेरीची छाटणी मिसळली गेली तेव्हा गायी तर मेल्याच, पण दुधात आणि त्या दुधाच्या चीजमध्येही ओलिएन्ड्रिन सापडलं. आणि "मरायच्या आत सुरी फिरवा, निदान पैसे तरी निघतील" हा विचार मनातून काढा. ज्याची उस्मानाबादी जातीची दोन करडं देणारी शेळी गेली त्याच्या पोटात काय होतं ते मला माहीत आहे, तरीही. शिजवल्याने हे विष जाईल या भरवशावर राहता येत नाही. कुत्र्यांनाही टाकू नका. खोल पुरा.

पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्या. पोटातल्या चाऱ्यात पानाचे तुकडे सापडणं हा सगळ्यात सरळ पुरावा. विमा असेल तर कानातला बिल्ला आणि डॉक्टरचा दाखला लागतोच, पण विमा नसला तरी शवविच्छेदन करा. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा "पान लागलं"वर गाडी येते. तालुक्याला अडचण आली तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, तिथे विचारता येतं.

लोक करतात ते उपाय, आणि का फसतात

पहिला उपाय म्हणजे रागाने कुंपण बुंध्यापासून तोडून टाकणं. कण्हेर बुडातून फुटते, आणि दुप्पट फुटते. वर्षभरात छाटायला आणखी जास्त फांद्या. शिवाय तोडलेल्या त्या दिवशी जेवढा ढीग पडतो तेवढा आधी कधीच पडलेला नसतो.

दुसरा, तणनाशक मारणं. झाड उभ्या उभ्या सुकतं आणि पानं फांदीवरच वाळतात. म्हणजे कडूपणा गेलेलं पान आता शेळीच्या तोंडाच्या उंचीवर आयतं. हा उपाय न केलेला बरा.

तिसरा, फांद्या पेटवणं. धूर डोळ्यांना, घशाला आणि छातीला वाईट. चुलीत, शेकोटीत, पाणी तापवायच्या बंबात कण्हेरीचं लाकूड घालूच नका. हुरड्याच्या दिवसात कडेची वाळकी काटकी गोळा करताना हेही लक्षात ठेवा.

चौथा, पाटी लावणं. शेरडांना वाचता येत नाही, आणि छाटणारा मजूर दुसऱ्या तालुक्यातला.

खरा फरक पडतो तो एकाच नियमाने: कापलेली फांदी त्या जागी रात्र काढणार नाही. सकाळी छाटायला घेतलं तर दुपारपर्यंत ट्रॉली उभी हवी. आधी फांद्या भरायच्या, मग खराट्याने गळलेली पानं. ही दुसरी पायरी सगळे गाळतात, कारण फांद्या उचलल्या की जागा साफ दिसते. ट्रॉलीवर ताडपत्री टाका, नाहीतर वाटभर पानं सांडत जातात. आवाराच्या कोपऱ्यात खड्डा करून त्यात घाला, वर हातभर माती, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड. छाटताना हातमोजे घाला, चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

सरकारी आवाराचं काम ठेकेदाराकडे असतं. त्याला तोंडी सांगून काही होत नाही, कारण तो ज्याला सांगेल तो माणूस छाटणीच्या दिवशी असेलच असं नाही. ग्रामसभेत ठराव घ्या, आणि छाटणीच्या कामाच्या आदेशातच "कण्हेरीचा पाला त्याच दिवशी उचलून पुरणे, त्याशिवाय देयक नाही" असं वाक्य घालायला लावा. दुभाजकाच्या बाबतीत छाटणीची तारीख आधी कळवा असा अर्ज संबंधित कार्यालयाला द्या. माझा अनुभव असा की अर्जाला उत्तर येत नाही, पण मुकादमाचा मोबाईल नंबर मिळतो, आणि तेवढा पुरतो. तारीख कळली की दवंडीच्या जागी आता गावाचा ग्रुप आहेच: "उद्या रोडची कण्हेर छाटणार हाय, दोन दिस शेरडं तिकडं नेऊ नका."

लेकरांचं काय

थोडक्यात, पण सोडून देण्यासारखं नाही. बिट्टीच्या बाठा खेळायला घेतात, कण्हेरीच्या काडीचं दातवण करतात, फुलं तोंडात धरतात. कुणी चावलं-गिळलं तर उलटी काढायच्या मागे लागू नका, मीठपाणी पाजू नका. १०८ लावा आणि झाडाची डहाळी बरोबर न्या. मूल खेळताना दिसतंय म्हणून घरी थांबू नका. हृदयाचा ताल उशिराही बिघडू शकतो, दवाखान्यात ईसीजीवर लक्ष ठेवावं लागतं. शाळेच्या कुंपणाला चंद्रज्योत असेल तर तिच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून पोरं खातात आणि वर्गच्या वर्ग उलट्या-जुलाबाने दवाखान्यात जातो. ते विष वेगळं, पण कुंपण बदलायला घेतलं असेल तर तेही त्याच यादीत घाला.

काढायची कुठली, ठेवायची कुठली

सगळीकडची कण्हेर उपटा असं मी म्हणणार नाही. दुभाजकातली राहू द्या. तिथे छाटणी सांभाळली की पुरे. देवळामागची एकटी कण्हेरही राहू द्या. पण गोठ्याला लागून, हौदाच्या वर, कडब्याच्या गंजीपाशी, अंगणवाडीच्या दारात आणि शेरडांच्या रोजच्या वाटेवर असेल तर काढाच. त्या जागी करवंद, सागरगोटा किंवा चिल्हार लावलं तर काट्यांमुळे कुंपण म्हणूनही पक्कं होतं. शोभेसाठी जास्वंद किंवा बोगनवेल. मेंदीचं कुंपण तर आपल्या आजोबांच्या वेळेपासूनचं.

काढायची वेळ म्हणजे पावसाळा संपून जमीन ओली असताना. आधी फांद्या कापून त्याच दिवशी पुरा, मग बुंधा मुळासकट खणा. मुळंही विषारीच, तीही खड्ड्यात. त्या पट्ट्यावर पुढचे काही आठवडे जनावरं बांधू नका, पानं मातीत मिसळलेली असतात. पुढच्या मृगात पहिला पाऊस झाला की जाऊन बघा. राहिलेल्या मुळीतून कोंब आलेले असतील. ते बोटभर असतानाच ओढून काढा, आणि ओढलेले धुऱ्यावर फेकू नका.